रानवाटेचं कौतुक पुरे, घाटरस्त्याचं बोला!

सायकलवाल्यांच्या जगात हल्ली एक नवी वर्णव्यवस्था तयार होते आहे. सगळ्यांत वर माऊंटन बाईकवाले. रुंद टायर, पुढेमागे शॉक ॲब्सॉर्बर, गुडघ्यांवर ढाली, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल आणि चेहऱ्यावर एक उदार कीव, की बाबांनो, आम्ही रानात जातो, तुम्ही बसा डांबरावर पेडल मारत! यांच्या मते डांबरी रस्त्यावरून, मग तो घाटाचा का असेना, दोनशे-तीनशे किलोमीटर सायकल हाकणं म्हणजे घाण्याच्या बैलाचं काम. अंग लागतं, डोकं लागत नाही. 'खरं' सायकलिंग म्हणजे रानवाट. दगड, मुळं, ओढे, उड्या. बाकी सगळी व्यायामशाळा.

मी या मताचा विरोधक आहे. मवाळ नव्हे, चांगला जहाल. आमच्या गोव्यात हे मत अनेकदा कानांवरून गेलं होतं आणि मी ते सोडूनही दिलं होतं. पण गेल्या चैत्रात उज्जैनला सख्ख्या भाच्याच्या तोंडून तेच ऐकलं, तेही पंचक्रोशी यात्रेच्या ऐन गर्दीत, आणि म्हटलं, आता लिहायलाच हवं.

माझी धाकटी बहीण उज्जैनला दिलेली. फ्रीगंजात घर. शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात गेलेल्या मराठी घरांपैकी हे एक. घरात मराठी बोलतात, पण वाक्याच्या मध्येच हिंदी डोकावतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. (गोवेकरांनी उज्जैनला परकं मानू नये. महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. 'शेणवी' म्हटल्यावर आमच्याकडचे कान टवकारतातच!) भाचा इंदूरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याची माऊंटन बाईक माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या किमतीची आहे. रविवारी मित्राच्या जीपच्या पाठीला सायकली बांधायच्या, चोरल नाहीतर जानापावच्या बाजूला जायचं, पंधरा-वीस किलोमीटर रान तुडवायचं आणि पुन्हा जीपमधून घरी. सायकल चालवण्यासाठी डिझेल किती जळतं, असं विचारलं तर "मामा, तुम्ही पण ना..." म्हणून हसला. मग म्हणाला, "मामा, रोडवर काय आहे सांगा ना. ट्रक आणि धूळ. ट्रेलवर दर सेकंदाला डोकं चालवावं लागतं. रोडवर नुसते पाय."

नुसते पाय!

आता जे त्यांचं आहे ते त्यांना आधी देऊन टाकू. रानवाटेवर सायकल चालवणं सोपं नाही. सव्वादोन इंच रुंदीच्या टायरमध्ये पंचवीस-तीस पौंडच हवा ठेवायची, म्हणजे टायर दगडाला धरून बसतो. बूड सीटवर टेकवायचं नाही, गुडघे आणि कोपरं स्वतःच स्प्रिंग झाली पाहिजेत. नजर पुढच्या चाकावर नव्हे, त्याच्या पुढच्या दहा-पंधरा फुटांवर. चढावर जोर कमी पडला तर सायकल थांबते, जास्त पडला तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हे कसब आहे, आणि ते रस्त्यावरच्या पुष्कळ शहाण्यांकडे नसतं. मुरमाड वळणावर ब्रेक दाबून आडवे झालेले रोड बाईकवाले मी पाहिले आहेत. त्यांना चार दिवस रानात पाठवावं, या मताचा मीही आहे.

पण डोकं फक्त रानातच लागतं, हे कुणी सांगितलं?

रानवाट हा रोखीचा व्यवहार आहे. चूक केली की तिथल्या तिथे पडता, खरचटतं, उठता, हिशेब मिटला. लांब पल्ल्याचा घाटरस्ता हा उधारीचा व्यवहार आहे. सकाळी आठ वाजता तहान नाही म्हणून जे पाणी प्यायलो नाही, त्याची वसुली दुपारी एक वाजता होते, व्याजासकट. पहिल्या वळणावर ज्याने मर्दुमकी दाखवली तो सातव्या वळणावर सायकल हातात धरून चालतो. कारण आणि परिणाम यांच्यात पाच तासांचं अंतर असतं, आणि ते अंतर डोक्यात धरून चालावं लागतं. मी कारकून आहे. आजच्या शेऱ्याचं फळ तीन वर्षांनी ऑडिटमध्ये मिळतं, हे मला कुणी शिकवायला नको. तेव्हा या प्रकारच्या डोक्याला 'नुसते पाय' म्हटलेलं मी खपवून घेणार नाही.

उज्जैनचंच उदाहरण घ्या. लोक म्हणतात माळवा सपाट, तिथे कसला घाट? उज्जैन समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे आणि इंदूरपर्यंतचे पंचावन्न किलोमीटर खरोखरच पोळपाटासारखे आहेत. काळी माती, गव्हाची शेतं, आणि उन्हाळ्यात समोरून येणारा वारा, जो कुठल्याही चढापेक्षा वाईट. पण इंदूर सोडलंत, महू सोडलंत की जमीन हळूहळू वर येते आणि जाम दरवाजापाशी एकदम संपते. अहिल्याबाई होळकरांचं नाव सांगणारी ती कमान पठाराच्या काठावर उभी आहे. खाली निमाड पसरलेला, पलीकडे नर्मदा. विंध्य म्हणजे डोंगरांची रांग असं आपण शाळेत शिकलो. इथे कळतं की तो मुख्यतः एक कडा आहे, माळव्याची कड. उज्जैनहून महेश्वरला जायचं तर साधारण दीडशे किलोमीटर, जाऊन-येऊन तीनशे. आणि गंमत अशी की उतार आधी येतो, चढ नंतर. सकाळी ताज्या दमात तुम्ही भन्नाट वेगाने निमाडात उतरता, घाटावर नर्मदेत पाय बुडवता, आणि मग आठवतं की हे सगळं उधारीवर होतं. पावणेदोनशे किलोमीटर पायांत असताना तोच कडा चढून परत यायचं. मी एका हिवाळ्यात हे केलं, पण दोन दिवसांत, मध्ये महेश्वरला रात्रभर झोपून. एका दमात करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांना बैल म्हणणाऱ्यांबद्दल नाही.

हा हिशेब आकड्यांतही मांडता येतो. मी कला शाखेचा, पण हे गणित शाळेच्या पुस्तकातलं आहे. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरा. सहाशे मीटर उंची चढायला साधारण 470 किलोज्यूल काम होतं. शरीर खाल्लेल्या अन्नापैकी वीस-पंचवीस टक्केच पेडलपर्यंत पोचवतं, बाकी घामात आणि उष्णतेत जातं. म्हणजे चार-पाच चपात्या फक्त त्या उंचीपायी. हवा आणि अंतर यांचा खर्च वेगळा. रानात गेलात म्हणून यात सूट मिळत नाही आणि डांबरावर आहात म्हणून दंडही बसत नाही. सहाशे मीटर ते सहाशे मीटर. फरक एवढाच की रानातला माणूस ते तुकड्यातुकड्यांनी, झटके देत चढतो आणि घाटातला एका लयीत, तास-दीड तास, मन दुसरीकडे जाऊ न देता. यातलं अवघड कोणतं, हा वाद गायक मोठा की तबलजी मोठा असा आहे. मी त्यात पडत नाही. माझा वाद वेगळाच आहे.

त्याआधी थोडा इतिहास, कारण 'खरं सायकलिंग' हा शब्द इतिहास माहीत नसलेल्यांनाच सुचतो. 1910 मध्ये 'टूर द फ्रान्स' पहिल्यांदा पिरेनीज पर्वतात शिरली. 2115 मीटर उंचीचा तूरमाले घाट. डांबर नावाला नव्हतं. गुरांची वाट म्हणावी असा दगडमातीचा मार्ग, आणि सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअर त्या शर्यतीत चालू लागला तो 1937 पासून. ती शर्यत ऑक्ताव लापीझने जिंकली. आता सांगा, तो रोड सायकलिस्ट की माऊंटन बाईकर? डांबर येण्यापूर्वी प्रत्येक घाट ही रानवाटच होती. मराठ्यांची घोडदळं नर्मदा उतरून याच विंध्याच्या घाटांनी माळव्यात चढली. 1728 मध्ये अमझेऱ्याला मोगल सुभेदाराचा पराभव करून चिमाजी अप्पा उज्जैनवर चालून आले. (पुढे 1739 मध्ये वसई घेणारे तेच. आमच्या पोर्तुगीजांना ते नाव चांगलं परिचयाचं!) त्यांना 'ट्रेल' हवी होती म्हणून ते घाटाने आले नाहीत. पलीकडे जायचं होतं म्हणून आले.

याउलट माऊंटन बाईकिंगचा जन्म. 1976 साली कॅलिफोर्नियात, मारिन परगण्यातल्या एका डोंगरावर काही तरुणांनी जुन्या वजनदार सायकली घेऊन मातीच्या रस्त्यावरून खाली सुटण्याची शर्यत लावली. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार. मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जाई आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली मंडळी. पोरं कल्पक होती यात शंका नाही, त्यांच्या त्या खटाटोपातून पुढे एक अख्खा उद्योग उभा राहिला आणि 1996 मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्येही गेला. पण एक लक्षात घ्या. सायकली डोंगरावर पुष्कळदा ट्रकमधून चढवल्या जात. जन्मच उतारासाठी. भाच्याची ती जीप आकाशातून पडलेली नाही, तिची वंशावळ आहे!

आता मुद्द्यावर येतो.

उज्जैनची पंचक्रोशी यात्रा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे वैशाख कृष्ण दशमीपासून अमावास्येपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने चैत्र वद्य दशमीपासून, लोक महाकालाला मध्ये ठेवून 118 किलोमीटरची प्रदक्षिणा पायी घालतात. चार दिशांना चार द्वारपाल: पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर, दुर्दरेश्वर. उन्हाचा पारा चाळिशीच्या पुढे. डोक्यावर शिध्याचं गाठोडं. म्हाताऱ्या बाया अनवाणी. आणि सुरुवात कुठून, तर पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापासून. त्याला नारळ वाहून यात्रेकरू त्याच्याकडून 'बळ' मागून घेतात. यात्रा पुरी झाली की परत येऊन मातीचे घोडे वाहतात आणि घेतलेलं बळ परत करतात. उसनं घेतलं होतं, जमा केलं, पावती झाली. इतकी सुंदर हिशेबाची पद्धत मी आमच्या खात्यात पाहिलेली नाही.

मी एक दिवस उंडाशाच्या बाजूला त्या गर्दीबरोबर चाललो. भाचा सोबत होता, सायकल घेऊन, आणि तिथेच त्याने ते वाक्य टाकलं. मी पाहिला तो रस्ता डांबरी होता. कडेला गावकऱ्यांनी मांडव टाकले होते. कुणी ताक देत होतं, कुणी पायांना तेल चोळत होतं, एक पोरगा नुसताच पाण्याचा पाईप धरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांवर पाणी सोडत होता. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं की शेतातून, झाडाझुडपांतून चाललात तरच 'खरी' यात्रा. रस्त्यावरून चालले, कारण रस्त्यावर गावं आहेत. गाव टाळून घातलेली प्रदक्षिणा ही प्रदक्षिणाच नव्हे.

लांब पल्ल्याची सायकल या यात्रेच्या गोत्रातली आहे, शर्यतीच्या नव्हे. आपल्याकडे आता बऱ्याच शहरांत 'ब्रेव्हे' होतात. पद्धत फ्रेंच. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत, बाराशे किलोमीटर. मूळ शर्यत 1891 ची, आता दर चार वर्षांनी होते, आणि 2019 व 2023 मध्ये भारतातून पुष्कळ मंडळी गेली होती. तिथे जायचं तर आधी 200, 300, 400, 600 अशा पायऱ्या. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. मार्ग सपाट असो की घाटाचा, घड्याळ तेच. पहिला, दुसरा, तिसरा असला प्रकार नाही. जो वेळेत आला तो आला. वेळेच्या फार आधी पोचलात तर ठाणंच उघडलेलं नसतं! प्रत्येक ठाण्यावर कार्डावर शिक्का. शिक्क्याशिवाय केलेल्या प्रवासाला अर्थ नाही, हे तत्त्व ज्याने काढलं तो फ्रेंच असला तरी मनाने आमच्याच टेबलावरचा असणार. आणि ही ठाणी असतात कुठे? धाब्यावर, पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर. रात्री दोन वाजता कुठल्यातरी अनोळखी गावात शटर अर्धं उघडून चहा देणारा माणूस हा या खेळाचा भाग आहे. रानात तो भेटत नाही.

नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पुरी करून आले. 2017 मध्ये नागपूरचे अमित समर्थ तीच जवळपास 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी करणाऱ्या पहिल्या भारतीयांत होते. ही माणसं काही आल्प्समध्ये जन्मली नव्हती. तुमच्या-आमच्यासारखे नोकरी-धंदा करणारे, ट्रकांच्या कडेकडेने चालवणारे. पुण्याहून गोव्यापर्यंतची 'डेक्कन क्लिफहँगर' ही सहाशे चाळीसहून अधिक किलोमीटरची शर्यत त्याच अमेरिकेतल्या शर्यतीची पात्रता फेरी. ती सह्याद्री उतरून आमच्या दारात येते, आणि आमच्यातल्या किती जणांना त्याचा पत्ता असतो? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शब्द बघा. 'रानाचा राजा' म्हटलं तर सिंह आठवतो, 'घाटाचा राजा' म्हटलं की घामाने निथळणारा एक हडकुळा माणूस डोळ्यांसमोर येतो. मला दुसरा जास्त आवडतो.

कुणी संस्कृतप्रेमी मला इथे अडवेल आणि म्हणेल, अहो, उज्जैनच्या नावावर बोलता आणि मेघदूत विसरलात? कालिदासाचा यक्ष मेघाला सरळ वाट सोडून, वाकडी वाट करून उज्जयिनीला जायला सांगतो. म्हणजे आडवाटेचाच पुरस्कार की! हा युक्तिवाद एका ओळखीच्या मास्तरांनी माझ्यापुढे खरोखरच केला आहे. पण मास्तर, वाट वाकडी करायची ती कुठे? रिकाम्या रानात नव्हे, शहरात. तिथल्या गच्च्या, तिथल्या स्त्रिया, महाकालाची सांजआरती चुकू नये म्हणून. शिवाय तो मेघ रामगिरीहून, म्हणजे आपल्या विद्वानांच्या मते नागपूरजवळच्या रामटेकहून, पार हिमालयातल्या अलकेपर्यंत निघालेला. थकलास की डोंगरमाथ्यावर टेक, क्षीण झालास की नदीचं हलकं पाणी पी, असा सल्ला त्याला आधीच दिलेला आहे. वर मुदत चार महिन्यांची. लांब पल्ला, घाटावर विश्रांती, वाटेत पाणी आणि कालमर्यादा! मला तर ते ब्रेव्हेचं नियमपत्रक वाटतं.

असो. गंमत बाजूला ठेवतो.

भाच्याचं खरं हत्यार वेगळं होतं आणि ते धारदार आहे. "मामा, रोडवर मरायला होतं." 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. आमच्या गोव्यात तर सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर अपघात. माझी बायको प्रत्येक रविवारी मी घरी येईपर्यंत फोन हातात घेऊन बसते. तेव्हा ही भीती खोटी आहे असं म्हणणारा मूर्ख तरी असेल किंवा त्याला घर नसेल.

पण या भीतीचं उत्तर काय? 'रस्ता सोडा आणि रानात या' हे? मग पोदेरानेही रानात जायचं? पहाटे पाच वाजता सायकलच्या मागे पावाची टोपली बांधून भोंगा वाजवत आमच्या फोंड्याच्या चढउतारांवर जो फिरतो, त्याला कुठली ट्रेल देणार आहात? उज्जैनला दुधाच्या बरण्या लटकावून खेड्यातून येणारा, करखान्यात पाळीला जाणारा, शाळेची पोरगी, यांच्यासाठी सायकल हा छंद नाही. ती रस्त्यावरच चालते, कारण काम रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. आपण शौकीन लोक, ज्यांच्याकडे बोलायला तोंड आणि लिहायला वेळ आहे, आपणच रस्ता सोडून गेलो तर या माणसांची बाजू मांडायला रस्त्यावर उरणार कोण? सायकलवाले दिसेनासे झाले की नियोजन करणाऱ्याच्या नकाशावरूनही जातात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, सायकलला बंदी. 2019 मध्ये मांडवीवर अटल सेतू उघडला, तेव्हा दुचाकींना त्यावर मज्जाव. प्रत्येक वेळी कारण एकच, तुमच्याच सुरक्षिततेसाठी. माझ्या सुरक्षिततेची एवढी काळजी असेल तर कडेला दीड मीटरची पट्टी आखून द्या की!

आणि रानात तरी कुठे मोकळं मैदान आहे? आमच्या सह्याद्रीच्या पट्ट्यात म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही सगळी अभयारण्यं. तिथे शिरायला 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. म्हणजे रानवाट ही परवान्याची गोष्ट आहे. रस्ता ही हक्काची गोष्ट आहे. सायकलला लायसन नाही, नोंदणी नाही, कर नाही. राजमार्गावर फुकटात राजासारखं जाण्याची ही शेवटची सोय. कारकुनाच्या नजरेतून बघा, हक्क सोडून परवान्यामागे धावणारा अर्जदार मी अजून पाहिलेला नाही. राहिले सडे. जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यात उजाड दिसतो, म्हणून पोरांना वाटतं की हे आयतं मैदान. पावसात त्याच सड्यावर बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती येते. तिथे दहा सायकली रोज एकाच रेषेत गेल्या की ती बोटभर माती वाहून जाते आणि परत येत नाही. निसर्गप्रेमाची ही तऱ्हा मला समजत नाही.

रोड बाईकवाल्यांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही, हेही सांगून ठेवतो. चकाकते चश्मे, मोबाईलवर सेकंदांची मोजणी, धाब्यावर थांबून धाबेवाल्याशी एक शब्द न बोलता केळं खाऊन निघून जाणारे, हे पाहिले की वाटतं, यांना रस्ता दिला काय आणि जिममधली फिरती पट्टी दिली काय. दोन हजारांचा टी-शर्ट घालून पोदेराला हॉर्न देणाराही मी पाहिला आहे. सायकलीला हॉर्न! पण ही माणसांची खोड आहे, रस्त्याची नाही. असल्यांना रस्ता सुधारू शकतो. एकदा रात्री घाटात पंक्चर झालं, पंप मोडका निघाला आणि ट्रकवाल्याने टॉर्च धरला, की पुढच्या वेळी तोच माणूस धाब्यावर नाव-गाव विचारायला लागतो. मी हे होताना बघितलं आहे.

उज्जैनला 2028 मध्ये सिंहस्थ आहे. त्यासाठी रस्ते रुंद करण्याचा धडाका लागला आहे, जुन्या गल्ल्यांतली घरं मागे सरताहेत. इंदूरहून ओंकारेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भेरूघाटाची वळणं टाळण्यासाठी बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं. श्रावणात याच वाटेने कावडवाले नर्मदेचं पाणी खांद्यावर घेऊन महाकालाकडे येतात. बोगद्यातून अवजड वाहनं गेली की जुना घाट रिकामा होईल. तो कचरा टाकायला आणि दारूच्या बाटल्या फोडायला सोडून द्यायचा, की कावडवाल्यांना आणि सायकलवाल्यांना द्यायचा? हे आत्ताच ठरवून घ्यायला हवं, कारण मागणी करणारा नसेल तर फाईल उघडतच नाही. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, जुना घाट असा मोकळा झाला तर मीही येईन." जीपशिवाय, असं मी त्याच्याकडून वदवून घेतलं आहे.

आमच्याकडे अनमोड आहे, चोर्ला आहे, काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट आहे. तिन्ही ठिकाणी डांबर संपतं तिथेच गटार सुरू होतं. माझी मागणी मोठी नाही. चोर्ल्याच्या चढावर बाहेरच्या कडेला रंगाची एक पट्टी, आणि रविवारी सकाळी सहा ते नऊ अवजड वाहनं केरीला आणि चोर्ल्याला थांबवून ठेवणं. तीन तास. सरकारी नोकराने सरकारवर जाहीर टीका करू नये, हा 1964 च्या वर्तणूक नियमांतला नियम मला पाठ आहे. तेव्हा ही टीका नव्हे, विनंती आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे, कागद माझा, शाई माझी, तिकीट माझ्या खर्चाचं. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवावं. टायर किती रुंद आहेत ते विचारणार नाही.